ऑर्लिनचा शेरा

१९७८ साल. त्या वर्षी आमच्या लुंडबी गावात एप्रिल अर्धा उलटला तरी तळ्यावरचा बर्फ हलला नव्हता, क्रीमरीचा, म्हणजे गावच्या दूध-लोण्याच्या कारखान्याचा, नवाकोरा बॉयलर फुटला होता, आणि माझ्या नवऱ्याने अमेरिकेच्या सैन्याकडे अर्ज केला होता. पहिल्या दोन गोष्टी गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात. तिसरी माझ्या जास्त लक्षात राहिली आहे, कारण तिच्यापायी त्या एका उन्हाळ्यात मला जेवढे धक्के बसले तेवढे मिनेसोटातल्या बाकीच्या सगळ्या उन्हाळ्यांत मिळून बसले नसतील.

आधी हे सांगते की मी लुंडबीची नाही. माझं माहेर दक्षिणेला, साठ मैलांवर. लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली तरी गावात मी अजून 'ती खालची बाई' आहे. आमच्या खालच्या माणसांना बोलायला लागतं. आम्ही जेवताना बोलतो, चर्चमधून बाहेर पडताना बोलतो, आणि भांडायला लागलो की सगळे एकदम बोलतो. लुंडबी म्हणजे नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती. ही माणसं शब्द असे वापरतात, की जणू ते तळघरात साठवलेले बटाटे आहेत आणि मार्चपर्यंत पुरवायचे आहेत.

त्यामुळे लग्नानंतर पहिले सहा महिने माझ्या लक्षातच आलं नाही की माझा नवरा ऑर्लिन आणि माझे सासरे एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटलं, इथली रीतच अशी असेल.

"आर्डिस, त्याला सांग, लोणी इकडे सरकव," सासरे म्हणायचे.

"आर्डिस, बाबांना सांग, लोणी संपलंय," ऑर्लिन म्हणायचा.

दोघांमध्ये अंतर एका टेबलाचं, आणि टेबलही लहान. मी एकदा बहिणीच्या बाळंतपणाला चार दिवस गेले, तेव्हा हे काम आमच्या कुत्र्याने, म्हणजे स्किपने केलं. "स्किप, त्याला सांग, शेगडी धुमसतेय." स्किप अर्थातच काही सांगत नसे, पण तो दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने इतकं मन लावून बघायचा की निरोप पोचायचा. मी परत आले तेव्हा तो बिचारा वाळला होता. चार दिवसांत कुत्र्याची ही गत झाली. मी अकरा वर्षं काढली होती.

कारण होतं एक कागद. १९६६ च्या शरदात ऑर्लिन जर्मनीतल्या छावणीतून घरी आला तो सैन्यातून काढून टाकल्याचा कागद घेऊन. सैन्य माणसाला सोडताना त्याच्यावर शेरा मारतं. चांगल्या माणसाला 'सन्मानाने', बऱ्या माणसाला 'साधारण', आणि खाली खाली जात जात ऑर्लिनसारख्याला 'अवांछित'. माझे सासरे गुनवाल्ड हाउगेन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होते. दर मे महिन्यात स्मृतिदिनाच्या संचलनात ते सगळ्यांत पुढे चालायचे, आणि सैन्यातली टोपी वर्षभर लाकडी साच्यावर ठेवायचे. त्यांनी तो कागद वाचला, नीट घडी घालून परत दिला आणि सासूबाईंना म्हणाले, "त्याला सांग, वरची खोली तयार आहे." तेव्हापासून ते मुलाशी बोलले नाहीत. पुढे सासूबाई वारल्या. त्यांनी माझ्यासाठी चांदीचे चमचे ठेवले आणि ही नोकरी ठेवली.

ऑर्लिनने केलं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. लग्नाआधी मी विचारलं होतं.

"वाहतुकीची भानगड होती," तो म्हणाला.

"कसली वाहतूक?"

"झाली एक."

यापुढे त्याच्या तोंडून काही काढणं म्हणजे गोठलेल्या जमिनीतून खुंटा काढण्यासारखं. बाबांनाही काही माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं. लुंडबीत विचारत नाहीत. सांगायचं असेल तर माणूस सांगेल, असं एकाला वाटतं. ऐकायचं असेल तर माणूस विचारेल, असं दुसऱ्याला वाटतं. आणि दोघंही सभ्यपणे वाट बघत बसतात.

त्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी बाबांची छाती बराच वेळ ऐकली आणि म्हणाले, "हा हिवाळा काढलात, हे काही वाईट नाही." इतक्या वर्षांत मला त्यांची भाषा समजायला लागली होती. परतताना गाडीत मी म्हणाले, "बाबा, आता तरी बोला त्याच्याशी."

बाबा खिडकीतून शेतं बघत होते. तीन शेतं गेल्यावर म्हणाले, "सरकारने लिहिलंय. सरकारने खोडलं, तर बोलेन."

एवढं पुरेसं होतं. मी त्याच दिवशी ठरवलं, सरकारकडून खोडून घ्यायचं. मी माणूस आहे, टेलिफोनची तार नाही.

आमच्या शेजारणीने, बोर्गिल्ड क्वामने, मला रस्ता दाखवला. बोर्गिल्डला सगळ्यातलं सगळं कळायचं, फक्त ते सांगताना ती इतकी लाजायची की समोरच्याला ओढून काढावं लागायचं. "माझ्या नणंदेच्या दिराने शेरा बदलून घेतला होता," ती कपड्यांच्या दोरीपलीकडून म्हणाली. "जिल्ह्याच्या कचेरीत एक प्रिबिल म्हणून आहेत. माजी सैनिकांची कामं बघतात. तसे बरे आहेत. बोलतात जरा जास्त."

प्रिबिल मला पहिल्या भेटीतच आवडले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "दोन गोष्टी लागतील. एक, झालं काय ते त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं. दोन, त्यानंतर तो सरळ वागला याचा पुरावा. मग राजधानीहून पाच अधिकाऱ्यांचं मंडळ मिनियापोलिसला येतं, त्यांच्यापुढे सुनावणी. सोपं आहे."

सरकारी माणूस 'सोपं आहे' म्हणाला की आपण पर्स उचलून घरी जावं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पहिली गोष्ट ऑर्लिनने तो चालवायचा त्या दुधाच्या गाडीत बसून लिहिली, पाकीट स्वतः चिकटवलं आणि स्वतः प्रिबिलच्या हातात दिलं. प्रिबिलनी ते आमच्यासमोर उघडून वाचलं. वाचता वाचता ते उठले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि रुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते.

"इतकं वाईट आहे?" मी विचारलं.

"सरकारी काम आहे, बाई," ते रुमालातून म्हणाले. "मला बोलता येत नाही."

तो माणूस दोन युद्धांतली प्रकरणं रोज वाचणारा, आणि माझ्या नवऱ्याचं वाचून रडला. मी चार रात्री ऑर्लिनशेजारी झोपले ते एक डोळा उघडा ठेवून.

दुसरी गोष्ट, सरळ वागण्याचा पुरावा. मी शेरीफच्या कचेरीत गेले. म्हटलं, याच्याविरुद्ध काही नाही असं लिहून द्या. शेरीफने पत्त्याचं पान काढावं तसा कपाटातून एक कागद काढला.

"आहे ना," तो म्हणाला. "मासेमारीची खोपटी."

आमच्याकडे हिवाळ्यात तळं गोठलं की पुरुष त्यावर लाकडी खोपट्या नेऊन ठेवतात, आत शेगडी पेटवतात आणि भोकात गळ टाकून तासन् तास कुणाशी न बोलता बसतात. लुंडबीच्या पुरुषांची स्वर्गाची कल्पना साधारण अशीच असावी. फेब्रुवारीअखेर खोपटी काढायची असा कायदा आहे. ऑर्लिन मागच्या वर्षी 'उद्या काढतो' म्हणाला, आणि तो उद्या यायच्या आत खोपटी शेगडीसकट तळ्यात गेली.

"ते लिहू नका," मी म्हणाले. "ती काय बदचलनी झाली?"

"मी लिहिलं नाही आणि नंतर त्यांना कळलं, तर?" शेरीफ म्हणाला. "सैन्य आहे, आर्डिस. त्यांच्याकडे विमानं आहेत."

त्याने लिहिलं. शिवाय आपुलकीने खाली असंही जोडलं, की बुडण्यापूर्वी खोपटी चांगल्या रंगाची होती.

प्रिबिल म्हणाले, काळजी नको, गावातल्या प्रतिष्ठितांची शिफारसपत्रं आणा, म्हणजे खोपटी झाकली जाईल. मी तीन ठिकाणी गेले: पास्टर नीगार्ड, क्रीमरीचे मॅनेजर आणि बोर्गिल्ड. तिघांनीही लगेच हो म्हटलं. आठवड्यात पत्रं आली. मी ती स्वयंपाकघरात उभ्याने वाचली, आणि मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचली.

पास्टरांचं पत्र असं होतं: "ऑर्लिन हाउगेनला मी दहा वर्षं ओळखतो. तो मागच्या बाकावर बसतो. माझी काही तक्रार नाही."

मॅनेजरांचं: "ऑर्लिन आमची दुधाची गाडी चालवतो. गाडी अजून चालते."

आणि बोर्गिल्डचं, जिच्यावर माझी सगळी भिस्त होती: "त्याने आमची शिडी परत केली. याहून वाईट माणसं असतात."

मी एप्रन न काढता बोर्गिल्डकडे गेले. "अगं, हे काय लिहिलंस?"

"जास्त झालं का?" ती कानापर्यंत लाल झाली. "मी नवऱ्याला म्हटलंच, शेवटचं वाक्य अंगावर येईल."

"बोर्गिल्ड, तुझ्या धुराड्याला आग लागली होती. उणे वीस होतं. तो त्या शिडीवरून चढला, त्याचा हात भाजला, अजून वण आहे. ते कुठाय?"

"म्हणून तर शिडीचं लिहिलं," ती म्हणाली. "बाकीचं लिहिलं तर तो रस्त्यात तोंड कसं दाखवेल? लोक म्हणतील, स्वतःची तारीफ करून घेतली."

पास्टर तर दुखावलेच. "मी तीस वर्षांत कुणाला इतकं चांगलं पत्र दिलेलं नाही, आर्डिस," ते म्हणाले. "बिशपसाहेबांच्या वेळी मी 'फारशी तक्रार नाही' लिहिलं होतं."

माझ्या खालच्या स्वभावाला हे पेलवेना. मी चर्चच्या तळघरात कॉफी पीत बसलेल्या बायकांपुढे सगळं सांगितलं, आणि ती माझी चूक. त्या बायका पत्रात लिहायला लाजतात, पण कामाला उभ्या राहिल्या की थांबत नाहीत. अर्ध्या तासात ठरलं: पत्रं कमी पडत असतील तर गाव स्वतः जाईल. शाळेची पिवळी बस मागितली गेली. प्रत्येकीने हॉटडिश करायचं कबूल केलं, म्हणजे खिमा, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याचे गोळे घालून भट्टीत भाजलेलं ते आमचं नेहमीचं, जे आम्ही जन्म, मरण आणि मधल्या सगळ्यासाठी करतो. "सुनावणीत कोण खातं?" मी विचारलं. बोर्गिल्ड म्हणाली, "ते अधिकारी कुठून कुठून आलेले. त्यांच्या बायका बरोबर नसणार."

बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी ते पायऱ्यांवर उभे होते, साच्यावरची टोपी डोक्यावर. "आर्डिस, त्याला सांग," ते म्हणाले, "मी बसमध्ये पुढे बसेन. मागे मला मळमळतं."

मिनियापोलिसची ती सरकारी इमारत, तिथला तो पहारेकरी आणि त्याच्यासमोर अॅल्युमिनियमचा कागद लावलेल्या नऊ भांड्यांची रांग. तो प्रत्येक कागद उचलून बघत होता. "हे काय आहे?" त्याने पहिल्या भांड्यापाशी विचारलं. "हॉटडिश," बोर्गिल्ड म्हणाली. "आणि हे?" "हॉटडिश." शेवटच्या भांड्याशी येईपर्यंत त्याचा आवाज मऊ झाला होता. ते भांडं त्याच्याकडेच राहिलं.

मंडळात पाच अधिकारी. अध्यक्ष होते कर्नल ट्रॅमेल, जॉर्जियाचे. पांढरे केस, आवाज काकवीसारखा. त्यांनी चष्मा लावला आणि आमची पत्रं वाचायला घेतली. तिन्ही वाचली. मग शेरीफचं वाचलं. मग चष्मा काढून आमच्या वकिलाच्या जागी बसलेल्या प्रिबिलकडे पाहिलं.

"ही पत्रं अर्जदाराच्या बाजूने आहेत की विरुद्ध?" त्यांनी विचारलं. "मी चेष्टा करत नाही. आमच्याकडे शिकारी कुत्र्याची शिफारससुद्धा याहून जास्त मायेने करतात."

प्रिबिलनी तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण अकरा वर्षं या माणसांचं म्हणणं एकाकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचंच काम केलं होतं. हात आपोआप वर गेला.

"कर्नलसाहेब, मी सांगते," मी म्हणाले. "हे शिडीचं. त्या शिडीवरून तो पेटत्या धुराड्यावर चढला. ही बाई, तिथे निळ्या टोपीत बसलीय ती, आज घरात राहते ती त्याच्यामुळे." बोर्गिल्डने टोपी काढून मांडीवर ठेवली, ओळखू येऊ नये म्हणून. "गाडीचं. पंच्याहत्तरच्या हिमवादळात तीन दिवस रस्ते बंद होते, तेव्हा हा एकटा शेतोशेत फिरून दूध आणत होता. ज्यांचं दूध फेकावं लागलं नाही ती माणसं मागे बसलीत. आणि 'तक्रार नाही' म्हणजे, साहेब, दर रविवारी कुणी यायच्या आधी हा चर्चच्या पायऱ्या साफ करतो, आणि पास्टरांना हे माहीत आहे, फक्त त्यांना वाटतं की आपल्याला कळलंय याचा याला पत्ता नाही."

पास्टर आपल्या बुटांकडे बघत होते. सगळं गाव बुटांकडे बघत होतं. इतकी शरम मी त्या माणसांना कधीच आणली नव्हती.

"बरं," कर्नल हळूच म्हणाले. "आता अर्जदाराने घडलेली गोष्ट सांगावी. कागदावर आहे, पण मला त्याच्या तोंडून ऐकायचीय."

ऑर्लिन उभा राहिला. कोटाच्या बाह्या आखूड झाल्या होत्या. मी डोळे मिटले.

"पियानो होता," तो म्हणाला.

मी डोळे उघडले.

"नाताळ आला होता. मोठे जनरल यायचे होते. आमच्या कर्नलच्या बाई त्यांच्यापुढे वाजवणार होत्या. अधिकाऱ्यांच्या क्लबातला पियानो छावणीच्या चर्चमध्ये न्यायचा होता. अर्धा मैल. मला ट्रक दिला."

"मग?"

"मी गावात नेला. तिथे लग्न होतं. त्यांच्याकडे वाजवायला कुणी नव्हतं."

"आणि कोण वाजवणार होतं?"

"मी."

मला वाटलं, मी चुकीच्या सुनावणीत बसलेय. अकरा वर्षांच्या संसारात या माणसाने शिट्टीसुद्धा वाजवलेली मी ऐकली नव्हती. "तू पियानो वाजवतोस?" मी मागून विचारलं.

"बाई," कर्नल म्हणाले, "आपण मंडळावर नाही."

"नाही, साहेब. मी बायको आहे. कुणाचं लग्न होतं, ऑर्लिन?"

"बेकरीवाल्याच्या मुलीचं."

"तिची तुझी ओळख कशी?"

"पाव आणायला जायचो."

कर्नलनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि बाकीचे चौघं एकदम पाणी प्यायले. ऑर्लिनने पुढचं एका दमात सांगितलं, म्हणजे त्याच्या मानाने. लग्न तीन दिवस चाललं. बर्फ पडत होता, परत निघावंसं कुणाला वाटत नव्हतं, त्यालाही. चौथ्या दिवशी, नाताळच्या सकाळी, तो निघाला. उताराच्या वळणावर दोर सुटला, पियानो मागून घसरला, टेकडीवरून गोठलेल्या तळ्यावर गेला, तिथे क्षणभर सरळ उभा राहिला, आणि आत गेला.

"आवाज आला का?" मंडळातल्या सगळ्यांत तरुण अधिकाऱ्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, असं त्याच्या तोंडावर लगेच दिसलं.

"आला," ऑर्लिन म्हणाला. "सगळ्या पट्ट्या एकदम."

त्या दिवशी जनरलसमोर सगळ्यांनी नुसत्याच तोंडाने गाणी म्हटली. त्याआधी दोन वेळा तो छावणीत उशिरा आला होता, ते जमेस धरून सैन्याने त्याला अवांछित ठरवलं.

कर्नलनी शेरीफचं पत्र पुन्हा वर उचललं. "म्हणजे बर्फाखाली वस्तू घालवण्याची ही तुमची दुसरी वेळ."

"हो, साहेब."

प्रिबिलचे खांदे हलत होते. तेव्हा मला त्यांच्या रुमालाचा उलगडा झाला.

आणि इतक्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. बाबा उभे राहिले होते.

इथे मला बाबांच्या धंद्याचं सांगायलाच हवं. बाबा घरं हलवायचे. अख्खं घर पायापासून उचलायचं, खाली ओंडके सारायचे, दोर बांधायचे आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचं. लुंडबीचं चर्चसुद्धा त्यांनीच हिवाळ्यात तळ्यावरून या काठाचं त्या काठाला नेलं होतं, आणि वेदीवरची मेणबत्ती पडली नव्हती. मेणबत्तीचं गावाने सांगितलं. बाबांनी कधीच नाही.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मी सवयीने पुढे झुकले, निरोप घ्यायला.

"कशाने बांधला होतास?" बाबा म्हणाले.

'आर्डिस' नाही. 'त्याला सांग' नाही. मागे बोर्गिल्डच्या हातातला कॉफीचा कप खाली पडला आणि कुणी तो उचलायला वाकलं नाही.

ऑर्लिन बापाकडे वळला. "दोराने."

"किती ठिकाणी?"

"दोन."

"तीन ठिकाणी बांधतात," बाबा म्हणाले. "दोन दोर वजन धरतात. तिसरा वळण धरतो. लहानपणी सांगितलं होतं."

"हो, बाबा."

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले. कर्नलनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"मला वाटलं, तू कुणाला सोडून पळालास," बाबा म्हणाले.

"नाही."

"कुणी मेलं तुझ्यामुळे, असं वाटलं."

"नाही, बाबा. पियानो होता."

"मग सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्या खोलीत मी दोघांच्या मधोमध बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी कुणाला गरज नव्हती. बारा वर्षं, एक टेबल, एक कुत्रा, एक मी. आणि मध्ये एक पियानो, जर्मनीतल्या तळ्याच्या तळाशी. मला हसायचं की कुणाला तरी मारायचं ते कळेना.

कर्नल ट्रॅमेलनी घसा साफ केला. "हाउगेनसाहेब, आपण पहिल्या युद्धातले. आपल्या टोपीचा मान राखून विचारतो. हा मुलगा म्हणून कसा आहे?"

बाबांनी विचार केला. तेवढ्यात बाहेर एक ट्राम गेली असती, त्या शहरात ट्राम असत्या तर.

"माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले.

ऑर्लिन खाली बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं. त्याच्या आखूड बाह्यांतून तो धुराड्याचा वण दिसत होता. मी कर्नलना समजावून सांगायला उठले, अकरा वर्षांची सवय. "साहेब, याचा अर्थ असा की..."

"राहू द्या, बाई," कर्नल म्हणाले. "हे मला समजलं."

बसमध्ये परतताना बाबा पुढे न बसता मागे बसले, ऑर्लिनजवळ, मळमळत. मी वळून म्हणाले, "बाबा, सरकारने अजून खोडलेलं नाही, बरं का."

"मग मी काय सरकारसाठी थांबू?" ते म्हणाले, आणि पुन्हा दोराच्या गाठीकडे वळले. साऱ्या रस्त्याने ते त्याला ती गाठ माझ्या डोक्याच्या रुमालावर शिकवत होते. रुमाल परत मिळाला तो वापरण्याजोगा राहिला नव्हता.

ऑगस्टमध्ये मंडळाचा निकाल आला. 'अवांछित' खोडून 'साधारण'. सन्मानाच्या एक पायरी खाली. मी तो हातात नाचवत स्वयंपाकघरात गेले. टेबलाशी दोघं बापलेक लोण्याच्या डब्याला सुतळी बांधून काहीतरी वाद घालत होते.

"बाबा, निकाल आला," मी म्हणाले.

"नंतर, आर्डिस," दोघं एकदम म्हणाले.

आता कुणाचं काय झालं ते सांगते. प्रिबिल निवृत्त झाले आणि मासे पकडायला लागले. निरोपसमारंभात त्यांनी पियानोची गोष्ट सांगितली, गुप्ततेचा नियम तेव्हा त्यांना लागू नव्हता म्हणे. कर्नल ट्रॅमेल दर नाताळला आम्हाला पत्र पाठवायचे. शेवटच्या पत्रात त्यांनी त्यांच्या सुनेबद्दल लिहिलं होतं, 'याहून वाईट असतात', आणि पुढे, 'मी बरोबर वापरलं ना?' मी कळवलं की बरोबर आहे, फक्त जरा जास्त झालं. बोर्गिल्ड नव्वदी ओलांडून गेली. तिच्या अंत्यविधीला मी उभी राहून धुराड्याची गोष्ट सांगितली, कारण आता लाजायला ती नव्हती. स्किप मात्र त्या उन्हाळ्यानंतर उदास झाला. जेवणाच्या वेळी तो टेबलाखाली येऊन दोघांच्या तोंडाकडे बघायचा, आणि कुणी त्याला काही सांगत नसे.

ऑर्लिनने चर्चच्या तळघरातल्या जुन्या पियानोवर पुन्हा बोटं ठेवली. तो बरा वाजवायचा. बरा म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळतं. तो सहा वर्षांपूर्वी गेला. सैन्याने झेंडा दिला, घडी घातलेला. शेजारून बोर्गिल्डची मुलगी हॉटडिश घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "वाईट नव्हता." मी तिला मिठी मारली. ती बिचारी अवघडून गेली, भांडं हातात होतं.

बाबांचं शेवटी ठेवलं. बाबा त्या सुनावणीनंतर तीन हिवाळे जगले आणि ऑर्लिनशी रोज बोलले. बहुतेक वेळा भांडलेच. गेले ते जानेवारीत. दफनभूमीच्या चढावर इतका बर्फ होता की शववाहिका खालीच रुतली, म्हणून ऑर्लिनने दुधाची गाडी आणली. गावातल्या पुरुषांनी पेटी वर चढवली. दोन दोर बांधून झाले आणि ते मागे सरले. ऑर्लिन हातमोजे काढून पुन्हा गाडीवर चढला. उघड्या बोटांनी, त्या थंडीत, त्याने तिसरा दोर बांधला.

वळणावर मी पाहत होते. पेटी हलली नाही.